लव्हाळ्यातले पाच कोंब

१

चैत्र अर्ध्यावर आला होता. मुळगावातल्या सुमंगलाबाईंच्या परसात जिथे तीस वर्षे मोगऱ्याचे झुडूप उभे होते, तिथे त्या रविवारी सकाळी एक खड्डा होता: दीड हात रुंद, गोल, कडा नीट तासलेल्या, आणि काठावर सशाच्या लेंड्यांची लहानशी रास.

खड्डा प्रथम पाहिला तो गौरेशाने. गौरेश हा सुमंगलाबाईंचा मुलगा, खाणीच्या कचेरीत कारकून. त्याने आईला हाक मारली. पदराला हात पुसत ती आली, क्षणभर खड्ड्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सश्यान खाल्ल्यान."

"मुळासकट?"

"भुकेलो आसतलो."

हे उत्तर गौरेशाला पटण्यासारखे नव्हते, आणि ते पटवून देण्याची खटपट आईनेही केली नाही. ससे बागेत येत होते हे खरे. दोन महिन्यांत त्यांनी वालीचे वेल, मुळ्याची पाने आणि धाकट्या मोगऱ्यांचे कोवळे शेंडे फस्त केले होते. परंतु तीस वर्षांचे झुडूप मातीच्या गड्ड्यासह पळवणारा ससा डिचोली तालुक्यात अजून जन्मायचा होता.

गौरेशाची नजर परसाच्या टोकाच्या खोलीकडे वळली. तिथे दादू आणि त्याची बायको शेवंता भाड्याने राहत. दादू बेळगावकडचा, खाणीच्या वर्कशॉपात मदतनीस; नोकरी गौरेशाच्या शब्दावर मिळालेली, खोलीही त्याच शब्दावर. त्या रविवारी दादू उजाडण्यापूर्वीच कुठेसा निघून गेला होता. तो दिवेलागणीला परतला आणि कुठे गेला होता ते काही केल्या सांगेना. खोलीबाहेरच्या खुंटीवर त्याचे गोणपाट नेहमी लटकत असे. तेही त्या दिवसापासून दिसेनासे झाले.

गौरेशाने निकाल देऊन टाकला. पुढच्या रविवारपर्यंत खोली रिकामी करायची, आणि त्यानंतरच्या सोमवारी ही गोष्ट वर्कशॉपच्या कंत्राटदाराच्या कानावर घालायची. म्हणजे घराबरोबर कामही गेले. दादूने खाली मान घालून ऐकून घेतले. शेवंता चुलीपुढे बसून रडली.

आणि सुमंगलाबाईंनी, ज्यांनी नवरा गेल्यापासून कुणालाही बोलावणे पाठवले नव्हते, बुधवारी डिचोलीला शांतारामबाबांकडे निरोप धाडला: एकदा येऊन जा.

२

शांतारामबाब भूमापन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. मोजणीची साखळी त्यांनी पोर्तुगीज अमदानीत हाती धरली ती पार साठीपर्यंत. आणि एवढ्या काळात दोन शेजाऱ्यांच्या दगडांमधले अंतर मोजता मोजता दोघांच्या बोलण्यातले अंतरही त्यांना मोजता येऊ लागले होते. नारळ चोरीला जावोत की दस्तऐवज गहाळ होवो, पोलिसांआधी लोक त्यांच्याकडे येत. ते फीत आणि वही घेऊन जात, थोडे बोलत, पुष्कळ ऐकत.

मुळगावच्या ह्या घराशी मात्र त्यांचे नाते कामाचे नव्हते. सुमंगलाबाईंचे यजमान शिवदास त्यांचे तीस वर्षांचे मित्र. गावच्या मराठी वाचनालयाचे कार्यवाह आणि शिरगावच्या लईराईचे धोंड, म्हणजे व्रत धरून जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे भक्त; वैशाखातल्या जत्रेला देवीसाठी ह्याच मोगऱ्याच्या कळ्या ते स्वतः खुडून नेत. रोज संध्याकाळी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, समोरासमोरच्या बैठकींवर बसून दोघे वाद घालत. लव्हाळ्याची गाठ जमिनीतून समूळ काढता येते की नाही, ह्या एका प्रश्नावर त्यांनी एक अख्खा श्रावण खर्ची घातला होता. शिवदास म्हणत, येते. शांतारामबाब म्हणत, एक गाठ उपटली की तुटलेल्या धाग्यातून चार उठतात. शिवदास गेल्या आषाढात वारले. बाराव्यानंतर शांतारामबाबांनी त्या घराची पायरी चढली नव्हती. वादाला प्रतिपक्ष नसला की संध्याकाळ किती लांबते, हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

गुरुवारी ते आले. आपल्या जुन्या जागी बसले. समोरची बैठक पुसलेली, रिकामी होती. सुमंगलाबाईंनी चहा आणि उंडा पाव पुढे ठेवला आणि पाल्हाळ न लावता म्हणाल्या, "शांतारामबाब, माका एवढाच होया. ह्या सश्यान केल्यान, असा तुमी गौरेशाक सांगा. तुमचा तो ऐकतलो."

"वयनी, तुमी माका शोध करूक बोलावलास, की निकाल वाचूक?"

त्यांनी पावाची बशी पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "त्या दादूचा घर मोडता नये. बाकी तुमका काय होया ता करा."

शांतारामबाब परसात उतरले. बाग पाहून त्यांचा जीव कळवळला. कुंपणापलीकडची घाणेरी वर्षभरात माणूसभर उंच होऊन आत वाकली होती, आणि तिच्या बुडाशी सशांच्या ये-जा करण्याच्या वाटा गुळगुळीत झाल्या होत्या. शिवदास दर वर्षी ती घाणेरी मुळाशी छाटत आणि पलीकडच्या पट्टीत सशांसाठी म्हणून कुळीथ पेरत. फासे लावायला त्यांचा सक्त विरोध होता. सशांशी त्यांचा करार तोंडी होता: तुमचा तिकडे, माझा हिकडे. यंदा कुळीथ पेरणारा कुणी नव्हता, तेव्हा करार सशांनी मोडला असे म्हणणे अन्यायाचे झाले असते.

धाकट्या मोगऱ्यांचे शेंडे त्यांनी वाकून पाहिले. तिरपे, पात्याने कापल्यासारखे साफ. पण गुडघ्याच्या वर एकही नाही. हे काम सशाचे, यात शंका नव्हती. वालीखालच्या लेंड्या ओलसर, काळपट आणि विखुरलेल्या होत्या, कारण ससा खात खात पुढे सरकतो. खड्ड्याकाठच्या मात्र पांढऱ्या पडलेल्या, राखेसारख्या हलक्या आणि एका ठिकाणी ओतल्यासारख्या होत्या. त्या जुन्या, दुसरीकडून वेचून आणलेल्या.

खड्ड्याचा तळ पाच दिवसांनंतरही गार होता. म्हणजे झाड काढण्याच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी त्याला भरपूर पाणी पाजले होते, माती मुळांना धरून राहावी म्हणून. जवळच्या फणसाआड मोगऱ्याच्या छाटलेल्या फांद्या सापडल्या. निम्म्या फांद्या उतरवल्या की हलवलेल्या झाडावरचा भार कमी होतो. चोराला मोगरा मारायचा नव्हता. त्याला तो जगवायचा होता.

खड्डा भरत आला होता तो लव्हाळ्याने. माती हलली की ते दुप्पट जोमाने उठते. शांतारामबाबांच्या ओठांवर हसू आले; मित्र असता तर आज हा वाद त्यांनी जिंकला असता. सवयीने त्यांनी मधली एक काडी चिमटीत धरून फिरवली, आणि त्यांची बोटे थबकली. लव्हाळ्याची काडी तीन धारांची असते, बोटांत अडखळत फिरते. ही गोल होती.

अशा पाच काड्या होत्या, दोन बोटे उंच, अगदी जवळजवळ. त्यांनी एक अलगद उपटली. तिच्या मुळाशी फुगलेला, सोललेला दाणा होता. आणि तो भाताचा नव्हता.

३

त्यांनी तो कोंब वहीत ठेवला आणि माणसांकडे वळले.

पहिला गौरेश. वस्तीतले लोक दादूपेक्षा त्याच्यावरच बोट ठेवत होते, आणि कारण सबळ होते. ही सगळी पट्टी खाणीने विकत घेतली होती. पावसाळ्यापूर्वी घर सोडायचे होते. गौरेशाची बायको-मुले आधीच म्हापशाच्या नव्या जागेत राहायला गेली होती, आणि सुमंगलाबाई मात्र म्हणत होत्या, माझा मोगरा इथे आहे तोवर मी इथे आहे. मोगरा नाहीसा होण्यात फायदा कुणाचा, हे सांगायला शोधकाची गरज नव्हती.

गौरेश जेवायला घरी आला तेव्हा शांतारामबाबांनी त्याला हे तोंडावर विचारले. तो चिडला नाही. थकलेल्या आवाजात म्हणाला, "काका, माका तो मोगरो मारूचोच होतो तर ससे होते. मी फाटक उघडा ठेवलंय असता, काम झाला असता."

दुसरा शंभू, शेजारचा. डिचोलीच्या बाजारात फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, विकण्याचा त्याचा धंदा. हे झुडूप त्याने शिवदासांकडे दहा वेळा मागितले आणि दहा वेळा शिव्या खाल्ल्या. शांतारामबाब गेले तेव्हा तो कुंपणाशी बंदुकीची गोष्ट करत होता. त्याचे म्हणणे, शिवदासाने सशांना सोयरे करून ठेवले, आता त्यांचे पोट आमच्या अबोलीवर. मोगऱ्याचे नाव काढताच त्याने कपाळाला हात लावला.

"कळ्ये धरलले झाड चैत्रात उपटूक मी काय पिसो? ह्या वर्साचो बार गेलो त्याचो. माका होयो असतो तर मिरगात एक फांदी मातयेत दाबून घेतलंय असती, कोणाक कळला नसता." मग आवाज उतरवून म्हणाला, "ज्याणी नेल्यान, तेका फुला नको होती, शांतारामबाब. तेका तोच मोगरो होयो होतो."

शंभूच्या बोलण्यात नेहमी अर्धे खोटे असे, पण हा अर्धा भाग खरा होता. शांतारामबाबांनी तो लिहून घेतला.

तिसरा दादू. संध्याकाळी तो कामावरून आला, पाय धुतले, आणि दोन्ही हात पुढे बांधून उभा राहिला. रविवारी कुठे गेलास, ह्याला उत्तर नाही. गोणपाट कुठे आहे, ह्यालाही नाही. शेवटी एवढेच बोलला, "मालक, चोरी म्या केली न्हाई. बाकीचं सांगायला ते माझं न्हाई."

हे वाक्य शांतारामबाब दोनदा मनात घोळवत राहिले. गुन्हेगार आपली गोष्ट लपवतो. हा माणूस दुसऱ्याची सांभाळत होता.

आत शेवंता सुपात धान्य निवडत होती. गौरेशाने दिलेल्या मुदतीचा तिच्या हातांना विसर पडलेला नव्हता. बोचकी एका कोपऱ्यात बांधून ठेवलेली. शांतारामबाबांनी तिला मोगऱ्याबद्दल एक अक्षरही विचारले नाही. गाव कोणते, माहेर किती लांब, धाकट्या बहिणीचे लग्न झाले का, असे सहज विचारत गेले. झाले, ती म्हणाली, गेल्या माघात. मग त्यांनी विचारले की पाठवणीला त्यांच्याकडे मुलीची ओटी कशाने भरतात; इकडे तर तांदळाने.

"आमच्यात गव्हानं भरत्यात," शेवंता म्हणाली, आणि सूप हातातच राहिले.

सुपात गहू होते. तिने त्यांच्याकडे पाहिले, मग परसाकडे, आणि पदर तोंडाशी नेला.

शांतारामबाब उठले. पुढचे तिला विचारणे त्यांना बरे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर ते घरीच बसून राहिले, वहीत काही न लिहिता. आणि शनिवारी पहाटे पेडण्याची गाडी धरून निघाले.

४

शिवदासांना एक मुलगीही होती, पण त्या घरात तिचे नाव घेतले जात नसे.

दीपा शाळेत शिकवत होती. तीन वर्षांपूर्वी तिने तेरेखोलच्या सतीशशी लग्न केले, तेव्हा शिवदास स्वतः अक्षता टाकायला उभे होते. मग गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, हा वाद पेटला. सासरा मराठीच्या सभांना खुर्च्या मांडत होता आणि जावई कोकणीच्या सभांत बोलत होता. खरे पाहता ज्या बोलीत सासऱ्याने जावयाला शिव्या घातल्या, जावयाने भाषण केले तेही जवळजवळ त्याच बोलीत. पण सतीशचे भाषण वर्तमानपत्रात आले त्या दिवशी शिवदास धोंडांच्या व्रतात होते, आणि व्रतातल्या माणसाने उंबऱ्यावर उभे राहून शब्द काढला: ह्या घरातली काडीसुद्धा तिच्याकडे जाता नये. तो शब्द परत घेण्याआधी ते वारले. बाराव्याला दीपा फाटकापर्यंत आली होती. गौरेशाने फाटक उघडले नाही. शांतारामबाब तेव्हा बाल्कांवात बसलेले होते. त्यांनी खाली पाहिले होते, आणि आपण खाली पाहिले ही गोष्ट ते विसरले नव्हते.

आता राजभाषेचा कायदा होऊन दोन महिने लोटले होते. गोवा घटक राज्य होणार म्हणून गाडीतले लोक उत्साहाने बोलत होते. केरीला उतरून फेरीबोटीने त्यांनी नदी ओलांडली.

दीपाचे घर किल्ल्याखालच्या उतारावर होते. परसात मीठ खाल्लेली वाळूची जमीन, दोन माड. आणि नारळाच्या सोडणांचे आळे करून, माडाच्या चुडतांची सावली धरून लावलेला एक मोगरा. निम्म्या फांद्या छाटलेल्या, पाने मलूल, पण बुंध्याशी दोन हिरवे ठिपके फुटलेले. त्या पांढुरक्या वाळूत तांबड्या मातीचे वर्तुळ दुरूनही दिसत होते, आणि वर्तुळभर लव्हाळे उठले होते. आजूबाजूच्या वाळूत त्याची एक काडी नव्हती. ते मुळगावहून आले होते, गाठी मातीत लपवून.

दीपा बाहेर आली. तिने त्यांना ओळखले, वाकून नमस्कार केला, आणि कशासाठी आलात हे विचारले नाही. घराबद्दल मात्र पुष्कळ विचारले. विहिरीचे पाणी खाली गेले का, मागच्या दाराची कडी अजून अडकते का, आईचे गुडघे, वाचनालयाची पुस्तके आता कोण उन्हात घालतो, घाणेरी कुणी छाटली का, आणि ससे. कुळीथ पेरला नाही हे ऐकून ती हळहळली.

बोलता बोलता शांतारामबाब सवयीने खाली वाकले आणि लव्हाळ्याला हात घातला.

"काका, ता उपटू नकात."

"बाय, हो लव्हाळो. उद्या तुजा अख्खा परस खाऊन टाकतलो. तुज्या बापायन जन्मभर ह्याच्यार दात खाल्ले."

"म्हणूनच," दीपा म्हणाली. "त्यांच्या हाताखालची माती ती. तेतूसून काय उगवता ता मी नाय निवडूचंय."

शांतारामबाबांनी हात मागे घेतला. मग ती खालच्या आवाजात एक गोष्ट सांगू लागली. जाण्याच्या आधी महिनाभर, ज्येष्ठात, शिवदास केरीच्या धक्क्यावर आले होते. ती पलीकडून, ह्या तीरावरून पाहत होती. छत्री काखेत धरण्याच्या लकबीवरून तिने त्यांना ओळखले. फेरीबोट आली, गेली; पुन्हा आली, पुन्हा गेली. ते चढले नाहीत. तीही चढली नाही, कारण आपण चढलो आणि ते मागे फिरले तर, अशी भीती तिला वाटली. तिसऱ्या खेपेला ते तिथे नव्हते.

तिने एवढे सांगितले आणि चहा करायला आत गेली. शांतारामबाब मोगऱ्यापाशी बसून राहिले. शिवदासांनी त्यांना ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. तीस वर्षे रोज संध्याकाळी ज्याच्याशी बोललो, त्याचे एक अख्खे मुकेपण आपल्या नजरेतून निसटले, ह्याचे त्यांना फार वाईट वाटले.

५

शनिवारी दिवेलागणीला ते मुळगावला परतले. गौरेश बाल्कांवात वाट पाहत होता. शांतारामबाबांनी दादूला आणि शेवंतेला बोलावून घेतले. सुमंगलाबाई आतल्या दाराशी उभ्या राहिल्या.

"नाव सांगा, काका," गौरेश म्हणाला. "उद्या रविवार."

"नाव शेवटी येतला. आधी मुळाकडसून येवया."

त्यांनी एकेक गोष्ट पुढे ठेवली. खड्ड्याकाठच्या लेंड्या जुन्या, आणून ठेवलेल्या. तेव्हा ससा सुटला. मोगरा पाणी पाजून, छाटून, माती न सांडता नेलेला. बाग मोडू पाहणारा माणूस असे करत नाही, तेव्हा गौरेशही सुटला. फुलांचा लोभी चैत्रात झाड हलवत नाही, तो मृगात फांदी दाबतो; तेव्हा शंभू सुटला. ज्याने नेला त्याला घाई होती आणि तेच झाड हवे होते. घाई कशाची? घर जाणार, आणि पावसाआधी जाणार.

मग त्यांनी वहीतला कोंब काढून गौरेशाच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो गव्हाचो. खड्ड्यात पाच होते, मुठीतसून सोडल्यासारखे. मुलीची ओटी भरली की तेतूतले चार दाणे परत घरात टाकतत, घर रिकामा पडता नये म्हणान. कोणी मोगऱ्याची ओटी भरल्यान, आणि परतीचे दाणे त्याच्या जागेत टाकल्यान. आमच्याकडची सवाशीण असती तर ते तांदूळ असते, आणि सडलेले तांदूळ रुजले नसते. गव्हान ओटी भरणारी ह्या परसात एकच."

गौरेश शेवंतेकडे वळला. ती भिंतीला टेकली होती.

"थांब," शांतारामबाब म्हणाले. "चोर ओटी भरणत नाय. आणि दुसऱ्याच्या घरच्या झाडाची पाठवणी भाडेकरीण आपल्या मनान करूची नाय. तिका कोणीतरी सांगला. जिका स्वतः भरूक येय नाय, कारण तिचो घोव गेलो, तिणी सांगला. आणि पाठवणी जाता ती मुलीच्याच घराक. मी आज तो मोगरो बघून इलंय."

सुमंगलाबाई दाराबाहेर आल्या.

"दादून नेल्यान, शेवंतेन ओटी भरल्यान, आणि पाठवलंय मी," त्या म्हणाल्या. "लेंड्यो पण मीच ठेवलंय. माका वाटला, सश्याक कोण काय करतलो."

"बाबांचो शब्द होतो, आई."

"होतो. ह्या घरातली काडी जावची नाय, असो होतो. पुढच्या म्हयन्यात घरच ऱ्हवचा नाय. मगे काडी खंयच्या घरातली? आणि फांदी पाठवूक माका कोणी अडवला नसता. पण फांदी दिली तर ती माजी झाली. तिका बापायचा कायतरी होया होता."

"माका सांगूक नाय ता?"

"तू नाय म्हटलं असतंस. आणि मगे मरापर्यंत माका तुजो राग येत ऱ्हवलो असतो. म्हापशाक तुज्याच घरात ऱ्हवचा आसा माका, रे."

गौरेशाने बराच वेळ तळहातावरच्या कोंबाकडे पाहिले. मग तो उठला, दादूसमोर उभा राहिला, आणि खोली सोडायची नाही, कंत्राटदाराकडे कुठलाही शब्द जाणार नाही, असे त्याने सांगितले. त्यापुढे क्षमेचे काही बोलू पाहिले, ते त्याला नीट जमले नाही. दादूने मान हलवली आणि बोलणे संपवून टाकले. शेवंता मात्र जाता जाता सुमंगलाबाईंना म्हणाली, "तांदूळच घ्यायचं हुतं बगा, आई. माझ्या ध्यानातच आलं न्हाई." त्यावर त्या थकलेल्या बाईला किती दिवसांनी हसू आले.

नवरा-बायको खोलीकडे गेली. सुमंगलाबाई आत दिवा लावायला वळल्या. पायरीवर गौरेश आणि शांतारामबाब राहिले.

गौरेशाने हळूहळू विचारायला सुरुवात केली. घर कसे आहे, समुद्राचा वारा फार लागतो का, ती बारीक झाली आहे का. शांतारामबाबांनी मोजणीच्या माणसासारखी उत्तरे दिली: कौलारू, तीन खणांचे, पश्चिमेला दोन माड, वारा बेताचा, हाडे दिसतात, पण मुळात ती तशीच होती. मग तो थांबला. जे विचारायचे होते ते अजून राहिले होते.

"माजा नाव काढल्यान?"

शांतारामबाबांना खोटे बोलणे सोपे होते, आणि क्षणभर त्यांना त्याचा मोहही झाला. "नाय," ते म्हणाले. "विहीर विचारल्यान, दाराची कडी विचारल्यान, ससेसुदां विचारल्यान. सगळ्या घरात तुज्या एकट्याचाच नाव घेवक नाय. मी फाटकाकडची गोष्ट बघलेलो माणूस. तुज्या नावाकडे येताना ती दोनदा थांबली, ता माका दिसला."

गौरेशाने गुडघ्यांवर हात ठेवले. फाटक अंधारात नुसते रेघेसारखे दिसत होते. खाणीकडून शेवटचा ट्रक गेला आणि त्याची धूळ हवेत तशीच तरंगत राहिली.

"उद्या पयली फेरीबोट किती वाजता सुटता, काका?"

शांतारामबाबांनी वही उघडली, मिटली. मातीचा रंग, काड्यांच्या धारा, माडांची संख्या, सगळे त्यात होते. "तेवढा मी लिहूक नाय," ते म्हणाले.

तेव्हा आतून, दिव्यापाशी बसलेल्या सुमंगलाबाईंचा आवाज आला. म्हापशापलीकडे त्या आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या.

"केरीसून पयली साडेसहाक," त्या म्हणाल्या. "मगे साडेसात. मगे साडेआठ, पण ती आयतवारी उशिरा येता. मगे धा. भरती आसली तर धाची चुकता, ती अकराक धरूची."

"आणि परतीची शेवटची?"

आत दिव्याची वात वर सारली गेली.

"ती माका ठावक नाय," त्या म्हणाल्या. "परतीचा मी कधी कोणाक विचारूकच नाय."